एकच विषाणू, अनेक अवयव : सायटोमेगॅलोव्हायरसची ओळख

आरोग्य अभ्यास
वाचन : १ करिंथ १२:१२-२७ आणि योहान ९:१-७



मागील काही अंकांतून आपण क्षयरोग, सिकलसेल आणि कुपोषण यांविषयी शिकलो. या वेळी मी ज्या आजाराविषयी लिहिणार आहे त्याचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेही नसेल. मी स्वतः परिचारिका असूनही कित्येक वर्षे हे नाव माझ्यासाठी परीक्षेपुरते पाठ केलेले होते. ते नाव म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, थोडक्यात सीएमव्ही.

हे नाव माझ्या मनात पक्के बसले ते सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या मुलीमुळे. ती चार वर्षांची होईपर्यंत आमच्या दवाखान्यात नियमित येत असे. तिचा जन्म घरीच झाला. वजन थोडे कमी, सव्वादोन किलो, पण बाकी काही दिसण्यासारखे नव्हते. प्रत्येक लसीला तिची आई तिला झोळीत घालून डोंगर उतरून आणी. मी तिचे वजन करी, दंडाचा घेर मोजी, कार्डावर नोंद करी. पोर हसरी होती, डोळे टपोरे आणि माझ्या हातातल्या टेपकडे टकमक बघणारे. दोन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. आजी म्हणाली, "हिचा बापही उशिरा बोलला." मी मान डोलावली आणि पुढच्या बाळाकडे वळले.

चौथ्या वर्षी आमच्या बालवाडीच्या ताईंच्या लक्षात आले की घंटा वाजली की सगळी मुले उठतात, ही मात्र इतर मुले उठलेली पाहून उठते. मोठ्या रुग्णालयात कानांची बेरा तपासणी झाली. दोन्ही कानांनी तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. चार वर्षांत मी तिला पंधरा वेळा तरी हातात घेतले असेल, पण एकदाही तिच्या पाठीमागे टाळी वाजवून पाहिली नव्हती. ही चूक माझी होती. ती कबूल केल्याशिवाय हा अभ्यास मला तुमच्यापुढे ठेवता येत नाही.

तिथल्या डॉक्टरांनी समजावले की जन्मतः बहिरेपणाची कारणे अनेक असतात. काही आनुवंशिक असतात, काही जन्माच्या वेळच्या अडचणींमुळे होतात, आणि एक मोठे कारण म्हणजे आईच्या पोटात असताना बाळाला झालेला सीएमव्हीचा संसर्ग. या मुलीच्या बाबतीत नेमके कोणते, हे आता चार वर्षांनी सांगता येणार नव्हते. का सांगता येणार नव्हते, ते पुढे येईलच.

परत येताना बसमध्ये तिच्या आईने मला हळूच विचारले, "सिस्टर, माझं काय चुकलं?" त्या प्रश्नामुळे मी पुन्हा पुस्तके उघडली. जे शिकले ते सोप्या शब्दांत पुढे देत आहे.

हा विषाणू कोण आहे?

कांजिण्या आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंत दडून राहतो आणि म्हातारपणी किंवा अशक्तपणात नागीण होऊन वर येतो. सीएमव्ही हा त्याच कुळातला, हर्पीस कुळातला. एकदा शरीरात शिरला की जन्मभर राहतो. बहुतेक वेळ झोपलेला असतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा देते. पहारा ढिला पडला की तो जागा होतो.

नावाचा अर्थ साधा आहे. सायटो म्हणजे पेशी, मेगॅलो म्हणजे मोठी. हा विषाणू ज्या पेशीत शिरतो ती फुगून मोठी होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मध्यभागी घुबडाच्या डोळ्यासारखा गडद ठिपका दिसतो.

तो पसरतो लाळेतून, लघवीतून, अंगावरच्या दुधातून, शरीरसंबंधातून, रक्तातून, प्रत्यारोपण केलेल्या अवयवातून आणि आईकडून गर्भाला. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत तो महिनोन् महिने सापडू शकतो. आपल्या देशात घरे लहान, माणसे जास्त, एका ताटात जेवणारी मुले चार. त्यामुळे बहुतेकांना तो बालपणीच होऊन जातो आणि कळतही नाही. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या शरीरात तो आज असेल. घाबरू नका. असणे म्हणजे आजारी असणे नव्हे.

निरोगी माणसात काय होते?

बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना पहिल्या संसर्गाच्या वेळी दोन-तीन आठवडे ताप, अंगदुखी, खूप थकवा, घसा दुखणे, मानेत गाठी अशी लक्षणे होतात. रक्ततपासणीत यकृताचे आकडे थोडे वाढलेले दिसतात. विश्रांतीने हे आपोआप बरे होते. औषध लागत नाही. थकवा मात्र काही आठवडे रेंगाळतो.

आमच्या भागात ताप म्हटला की आधी मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू आणि क्षय यांचाच विचार करायचा असतो, आणि ते बरोबरच आहे. हा लेख वाचून कोणी प्रत्येक तापाला सीएमव्ही म्हणू नये.

प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर : अवयवागणिक लक्षणे

खरा धोका तीन प्रकारच्या लोकांना असतो. एक, एचआयव्ही असलेले आणि उपचार न घेतलेले किंवा मध्येच सोडलेले. दोन, मूत्रपिंड, यकृत किंवा अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झालेले. तीन, कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेले किंवा दीर्घकाळ जोरदार स्टेरॉइड घेणारे. अशांच्या शरीरात हा विषाणू ज्या अवयवात जागा होतो त्याप्रमाणे लक्षणे बदलतात. म्हणूनच तो ओळखायला कठीण.

डोळे : विषाणू डोळ्याच्या आतल्या पडद्यावर हल्ला करतो. नजरेसमोर काळे ठिपके किंवा जाळ्या तरंगतात, वीज चमकल्यासारखे वाटते, नजर धूसर होते, किंवा नजरेचा एखादा भाग काळा पडतो. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. म्हणून माणूस थांबून राहतो. एचआयव्हीमध्ये हा त्रास प्रामुख्याने सीडी४ पेशी ५० च्या खाली गेल्यावर होतो. पडद्याचा जो भाग गेला तो परत येत नाही. उपचाराने उरलेला वाचतो.

आमच्या भागातून दरवर्षी दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. असाच एक तरुण भाऊ तिकडे असताना त्याच्या एआरटीच्या गोळ्या संपल्या आणि पाच-सहा महिने त्याने घेतल्याच नाहीत. उजव्या डोळ्यापुढे माश्या उडाल्यासारखे दिसू लागले. त्याला वाटले मोतीबिंदू असेल, गावी गेल्यावर शिबिरात दाखवू. तो आमच्याकडे पोहोचला तेव्हा उजवा डोळा गेलेला होता. डावा मात्र डॉक्टरांनी वाचवला. आज तो त्या एका डोळ्यावर शेती करतो, आणि गोळ्या संपण्याच्या आठ दिवस आधी त्याची बायको त्याला एआरटी केंद्राची वाट दाखवते.

अन्ननलिका आणि आतडी : गिळताना छातीत दुखते, घास खाली उतरताना आग होते. आतड्यांत जखमा झाल्या तर जुलाब, पोटात कळा, ताप, कधी शौचातून रक्त, आणि वजन झपाट्याने उतरते. गोळ्या घेऊनही जुलाब आठवडे थांबत नसतील तर दुर्बिणीने आतून पाहून तुकडा तपासावा लागतो.

फुप्फुसे : कोरडा खोकला, ताप, चालताना किंवा बसल्या जागीही दम लागणे. हे विशेषतः प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत दिसते. आपल्याकडे खोकला दोन आठवडे राहिला तर प्रथम थुंकी तपासून क्षय आहे की नाही हे पाहायचे, हा नियम इथेही कायम आहे.

यकृत : भूक मंदावणे, मळमळ, उजव्या बरगडीखाली जडपणा, कधी कावीळ. आमच्याकडे सिकलसेलच्या रुग्णांचे डोळेही पिवळे दिसतात आणि दूषित पाण्याची कावीळही असते. म्हणून नुसत्या पिवळेपणावरून काहीच ठरवता येत नाही.

मेंदू आणि मज्जातंतू : गोंधळल्यासारखे वागणे, विसरणे, सुस्ती, स्वभावात बदल, झटके. कण्याच्या खालच्या मज्जातंतूंवर परिणाम झाला तर कंबर दुखते, दोन्ही पायांतली ताकद थोड्याच दिवसांत जाते आणि लघवी अडते. ही तातडीची अवस्था आहे. एक दिवसही घरी थांबू नये.

रक्त : पांढऱ्या पेशी आणि बिंबिका कमी होतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णात कधीकधी ताप, थकवा आणि घटलेल्या पेशी एवढेच पहिले चिन्ह असते.

आपल्या शहरातील वाचकांपैकी कोणाच्या घरी मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले असेल तर हे परिच्छेद त्यांनी जपून ठेवावेत. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हा धोका सर्वांत जास्त असतो. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा प्रतिबंधक गोळ्या देतात. त्या महाग वाटल्या तरी स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, आणि ताप किंवा जुलाब आल्यास त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावे.

पोटातले बाळ

आता मूळ विषयाकडे येते. गरोदर स्त्रीला हा संसर्ग पहिल्यांदा झाला, किंवा झोपलेला विषाणू पुन्हा जागा झाला, किंवा त्याचा दुसरा प्रकार नव्याने शरीरात आला, तर तो वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो. पहिल्या संसर्गात हा धोका जास्त असतो. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत संसर्ग झाला तर बाळाचे नुकसानही जास्त होते. आईला बहुधा काहीच जाणवत नाही. अमेरिकेत साधारण दर २०० बाळांमागे एक बाळ हा संसर्ग घेऊन जन्मते, आणि अशा पाच बाळांपैकी एकाला पुढे काही ना काही कायमचा त्रास राहतो.

संसर्ग झालेल्या १०० बाळांपैकी साधारण १० बाळांत जन्मतःच लक्षणे दिसतात. ती अशी : वजन कमी, डोके लहान, कावीळ, अंगावर दाबल्यावर न विरणारे बारीक जांभळट ठिपके, यकृत आणि प्लीहा वाढल्यामुळे फुगलेले पोट, झटके, डोळ्याच्या पडद्यावर डाग. अशा बाळांना पुढे शिकण्यात, चालण्यात आणि ऐकण्यात अडचणी येण्याची शक्यता बरीच असते.

उरलेली ९० बाळे जन्मतः अगदी ठणठणीत दिसतात. त्यांच्यापैकी बहुतेक तशीच ठणठणीत वाढतात. पण त्यांतल्याही साधारण १० ते १५ टक्के बाळांची श्रवणशक्ती पुढे कमी होते. काहींना जन्मतः ऐकू येते आणि एक-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, कमी होत जाते. म्हणजे जन्माच्या वेळची एक तपासणी चांगली आली तरी तेवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. आनुवंशिक कारणे सोडली तर बालपणीच्या बहिरेपणाचे हे जगातले सर्वांत मोठे कारण मानले जाते.

एकवीस दिवसांचा हिशोब

बाळाला हा संसर्ग पोटातच झाला होता हे सिद्ध करायचे तर जन्मापासून २१ दिवसांच्या आत त्याची लाळ किंवा लघवी पीसीआर तपासणीला पाठवावी लागते. त्यानंतर विषाणू सापडला तरी तो जन्मानंतर, आईच्या दुधातून किंवा घरातल्या कोणाकडून आलेला असू शकतो, आणि तशा संसर्गाने पूर्ण दिवसांच्या बाळाला सहसा काही इजा होत नाही. म्हणूनच आमच्या मुलीच्या बाबतीत चार वर्षांनी कोणालाच काही सांगता आले नाही.

वेळेत निदान झाले आणि बाळात ठळक लक्षणे असली तर व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर नावाचे औषध पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिने देतात. त्याने श्रवण आणि वाढ यांना काही प्रमाणात मदत होते. हे औषध पांढऱ्या पेशी कमी करू शकते, म्हणून वारंवार रक्त तपासावे लागते. ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. मोठ्या माणसांत गॅन्सिक्लोव्हिरची सलाईनमधून इंजेक्शने किंवा याच गोळ्या देतात. डोळ्याच्या आजारात कधी डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते. एचआयव्ही असेल तर एआरटी नियमित घेणे हाच खरा पाया आहे, कारण पहारेकरी पुन्हा उभे राहिल्याशिवाय विषाणू झोपत नाही. आपल्या देशात एआरटी सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळते, आणि स्थलांतर करणाऱ्याला दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा राज्यातील केंद्रातूनही गोळ्या मिळण्याची सोय करून घेता येते. निघण्यापूर्वी आपल्या केंद्रात सांगणे मात्र आवश्यक आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

सीएमव्हीवर अजून लस नाही.

टॉर्च तपासणीविषयी दोन शब्द

गर्भपात झालेल्या अनेक भगिनी हातात टॉर्च तपासणीचा कागद घेऊन रडत येतात. "सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह" असे त्यावर लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की पूर्वी कधीतरी हा विषाणू शरीरात येऊन गेला आहे. आपल्या देशातील बहुतेक स्त्रियांचा हा कागद असाच येईल. त्यावरून गर्भ याच कारणाने गेला असे ठरत नाही, आणि त्यासाठी महागडी औषधे घ्यायची नसतात. कागद स्त्रीरोग तज्ज्ञांना दाखवा, सासूबाईंच्या हाती देऊ नका.

घरात काय करायचे?

गरोदर भगिनींनी, विशेषतः ज्यांच्या घरी किंवा अंगणवाडीत लहान मुले आहेत त्यांनी, मुलाचे नाक-तोंड पुसल्यावर, लंगोट किंवा दुपटी बदलल्यावर साबणाने हात धुवावेत. मुलाच्या उष्ट्या चमच्याने किंवा पेल्याने स्वतः खाऊ-पिऊ नये. पापा घ्यायचा तर कपाळाचा किंवा डोक्याचा घ्यावा. काही घरांत आजी घास चावून बाळाला भरवते. तिच्या मायेला मान देऊन तिला सांगावे की घास बोटांनी कुस्करून दिला तरी माया तेवढीच पोहोचते.

अंगावरचे दूध मात्र बंद करू नका. दुधातून विषाणू जातो हे ऐकून कोणी बाळाला बाटली लावली तर फायदा काही होणार नाही आणि तोटा मोठा होईल. फार लवकर जन्मलेल्या, अगदी कमी वजनाच्या बाळाबाबत डॉक्टर सांगतील तसे करावे.

सीएमव्ही असलेल्या मुलाला वेगळे ठेवायचे नसते. त्याला शाळेत, उपासनेत, खेळात घ्यायचेच असते.

आणि प्रत्येक बाळाचे कान पाहा. मोठ्या आवाजाने नवे बाळ दचकते. तीन-चार महिन्यांचे बाळ आईच्या आवाजाने शांत होते. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे मान वळवते. एक वर्षाचे नावाला ओ देते आणि एखादा शब्द बोलते. दोन वर्षांचे दोन शब्द जोडते. यात कुठे उणे दिसले तर "उशिरा बोलेल" म्हणून थांबू नये. आवाज पाठीमागून करावा, बाळाला हात दिसू नये, वारा लागू नये. ऐकू न येणारी मुले डोळ्यांनी फार हुशार असतात. आमच्या मुलीने मला चार वर्षे तिच्या त्या टपोऱ्या डोळ्यांनीच फसवले.

शंका आली तर जागा आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्यातली पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, जन्मतः बहिरेपणाही त्यांच्या यादीत आहे. ती मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून गरजूंना कर्णयंत्र मिळते, आणि लहान वयातील पात्र मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही मदत होते. तज्ज्ञ सांगतात की पहिल्या महिन्यात कान तपासावे, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावे आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, कारण भाषा मेंदूत पहिल्या वर्षांतच रुजते.

"माझं काय चुकलं?"

त्या आईच्या प्रश्नाला पाड्यावर उत्तरे तयार होती. बडव्याने सांगितले, कोणाची तरी नजर आहे. कुजबुज शेजारच्या एका विधवेपर्यंत गेली. डाकीण या शब्दाने आमच्या भागात किती घरे उद्ध्वस्त झाली आहेत हे तुम्ही जाणता. त्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, पण कुजबुज कायद्याच्या आधी पोहोचते. आणि दुःखाने सांगते, आपल्याच मंडळीत एक जण म्हणाला, "काही तरी पाप असेल."

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी हाच प्रश्न विचारला आहे. जन्मांध माणसाला पाहून त्यांनी पापी कोण ते शोधायला सुरुवात केली, तो की त्याचे आईबाप? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली. मग तो वाकला, मातीला हात घातला आणि कामाला लागला. दोष कोणाचा याची चर्चा तिथे लांबली नाही.

मी त्या आईला सांगितले, "बाई, तुझं काही चुकलं नाही. हा विषाणू होता की आणखी काही, ते मला माहीत नाही. पण तू कोणतंही पाप केल्यामुळे हे झालं नाही, आणि कोणाच्या नजरेमुळेही नाही. चुकलं असेल तर माझं. मी कान पाहिले नाहीत." ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "तर आता दुसऱ्यांचे बघा, सिस्टर."

आता आमच्या दवाखान्यात लसीच्या दिवशी वजनकाट्याशेजारी एक पत्र्याचा डबा असतो. त्यात मक्याचे दाणे आहेत. ती आई स्वतः डोंगर उतरून येते आणि प्रत्येक बाळाच्या मागे बसून तो डबा वाजवते. बाळाने मान वळवली की हसते. न वळवली तर मला हाक मारते. ही खरी तपासणी नव्हे, यंत्राची तपासणी ती यंत्राचीच. पण त्या डब्यामुळे दोन बाळे वर्षाच्या आत जिल्ह्याला पोहोचली, आणि त्यांतल्या एकाच्या कानात आज यंत्र आहे. दुसऱ्याच्या कानात नुसता मळ साठला होता. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी गूळ-शेंगदाणे खाल्ले.

आमची मुलगी आता सात वर्षांची आहे. मूकबधिर विद्यालयात राहते. यंत्राने तिला थोडेसे आवाज कळतात, बोलणे फारसे नाही. पण हातांनी ती भराभर बोलते. नाताळच्या उपासनेला आली तेव्हा तिने आजीला "तारा" कसा म्हणायचा ते हातांनी शिकवले. आजी रात्रीपर्यंत तेच करून दाखवत होती. चार वर्षे लवकर कळले असते तर ती आज किती पुढे असती, हा विचार माझा पाठलाग सोडत नाही. त्याच विचाराने मी हा लेख लिहिला.

करिंथकरांस लिहिताना पौलाने डोळा, कान, हात, पाय यांची नावे घेऊन मंडळीला शरीर म्हटले आहे, आणि जे अवयव दुर्बळ दिसतात तेच आवश्यक आहेत असे शिकवले आहे. सातपुड्यातले ते पाडे आणि तुमची शहरातील मंडळी हे एकाच शरीराचे अवयव आहेत. कुठे दुखते ते एकमेकांना कळवत राहू या.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत ज्यांना ऐकू येत नाही अशी किती माणसे आहेत? उपासनेत त्यांना काय कळते, हे आपण त्यांना कधी विचारले आहे का?
२. एखाद्या घरी आजारी किंवा अपंग बाळ जन्मले की आपल्या तोंडून प्रथम कोणते शब्द निघतात? योहान ९ वाचून ते शब्द तपासा.
३. एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्याला आपल्यामध्ये न लपता त्या घेता येतील का? नसेल तर काय बदलावे लागेल?
४. आपल्या महिला मंडळातील गरोदर भगिनींना वरील माहिती कोण सांगेल आणि कधी?

प्रार्थनेचे विषय

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी, त्यांच्या औषधांत खंड पडू नये म्हणून. एका डोळ्यावर शेती करणाऱ्या आपल्या भावासाठी. आशाताई, अंगणवाडीताई आणि तपासणी पथकांसाठी. मूकबधिर विद्यालयातील मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी. ज्या विधवा भगिनीवर संशय घेतला गेला तिच्यासाठी. ती आता आमच्या बालवाडीत मुलांसाठी खिचडी शिजवते, आणि सगळी मुले ती खातात. यासाठी प्रभूचे आभार माना.

तुमची सेवेतील बहीण,
दवाखान्यातील सिस्टर